इच्छुक म्हणून नाव कुठे नोंदवायचं? ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१, शिक्षण बी.कॉम., लग्नाला सहा वर्षं झाली. सासर सोलापूर जिल्ह्यात, माहेर धाराशिव जिल्ह्यात. पुढच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागात ओबीसी महिलेची जागा निघेल अशी गावात चर्चा आहे आणि तुम्हाला ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे. जातीचा दाखला माहेरच्या नावाने आहे, त्याची वैधता (दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) काढलेली नाही. मतदार यादीत नाव ‘बहुतेक माहेरीच असेल’ असं तुम्ही लिहिलंय. आणि विचारलंय की ‘इच्छुक उमेदवार म्हणून ऑनलाइन नोंदणी आधीच करून ठेवता येते का, आणि कुठे?’

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना ग्रामपंचायतीच्या अनेक निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून छाननीच्या टेबलाशी बसलो आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांना अर्ज भरायला मदत करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. ग्रामपंचायतीसाठी ‘इच्छुक उमेदवार’ अशी कुठलीही सरकारी नोंदणी नाही. हा शब्द पक्षांकडून आलेला आहे. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या वेळी पक्ष इच्छुकांचे अर्ज मागवतात, मुलाखती घेतात आणि शेवटी ज्याला एबी फॉर्म (पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र) मिळतो तो पक्षाचा उमेदवार ठरतो. ग्रामपंचायतीला पक्षचिन्हच नसतं. पॅनेल असतात, पण पॅनेलची यादी ही गावातल्या लोकांची आपसातली बाब आहे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कागदात तिला जागा नाही. तुम्ही ऐकलेली ऑनलाइन नोंदणी म्हणजे राज्य निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर उमेदवाराने उघडायचं खातं. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला की आयोग त्या त्या निवडणुकीसाठी पोर्टल खुलं करतो. तिथे खातं उघडायचं, नामनिर्देशनपत्र आणि घोषणापत्र भरायचं, प्रिंट काढायची, सही करायची आणि ती प्रत सोबतच्या कागदांसह ठरलेल्या वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात द्यायची. पोर्टलवर भरलं म्हणजे अर्ज दाखल झाला असं नाही. कागद टेबलावर आला की तो दाखल झाला.

पण ताई, तुमची खरी अडचण वेगळी आहे. ज्या नोंदी निवडणुकीच्या कितीतरी आधी झालेल्या असाव्या लागतात, त्या तुमच्या बाबतीत अजून झालेल्या नाहीत. मतदार यादीतलं नाव, जात वैधता आणि ग्रामपंचायतीचं दप्तर, या तीन ठिकाणी तुमची नोंद नीट असेल तर पोर्टल अर्ध्या दिवसाचं काम आहे. नसेल तर पोर्टलवर पहिल्या मिनिटाला खातं उघडूनही उपयोग नाही.

मतदार यादीपासून सुरू करतो, कारण तिथे वेळ निघून गेली की कोणालाच काही करता येत नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशी घेतो आणि प्रभागवार फोडतो. जानेवारी २०२१ मध्ये १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक झाली तेव्हाचं उदाहरण पाहा. मतदान १५ जानेवारीला, अर्ज २३ ते ३० डिसेंबर २०२० या काळात, पण यादी धरली होती २५ सप्टेंबर २०२० ची. म्हणजे अर्ज भरायच्या तीन महिने आधी उमेदवार कोण होऊ शकतो हे ठरून गेलं होतं. त्या वेळी डिसेंबरात माझ्याकडे एक तरुण आला होता. पुण्यातून गावी परतलेला, चार महिने गावात पाण्याच्या टाकीसाठी धावपळ केलेला. नाव मात्र पुण्याच्या यादीत. तो म्हणाला, ‘साहेब, प्रारूप यादीवर हरकती मागवल्यात ना, मग हरकत घेतो.’ मला त्याला समजावून सांगावं लागलं की प्रभागाच्या प्रारूप यादीवरची हरकत ही नाव चुकीच्या प्रभागात गेलं, लिहिताना चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं, एवढ्यापुरतीच असते. नवीन नाव तिथे चढत नाही. तो बराच वेळ खुर्चीत तसाच बसून राहिला होता.

तेव्हा आजच्या आज मतदार सेवा पोर्टलवर आपलं नाव शोधा. माहेरी निघालं तर नमुना ८ भरून ते सासरच्या पत्त्यावर हलवा. नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे आणि दोन ठिकाणी नाव राहिलं तर पुढे तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं. गावच्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा, बहुतेक वेळा त्या शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी ताईच असतात. नाव हलवताना ते कसं लिहिलं जातंय तेही बघा. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’, ‘बबन’ आणि ‘बबनराव’ असल्या फरकामुळे एकट्याने अर्ज बाद होत नाही, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने किरकोळ चुकांवर अर्ज नाकारू नये असंच अपेक्षित असतं. पण पाच कागदांवर पाच तऱ्हेची नावं असली की समोरच्या पॅनेलच्या वकिलाला तासभर बोलायला विषय मिळतो. आणि छाननीच्या दिवशी तो तास फार मोठा असतो.

आता जात वैधता. इथे जरा थांबून वाचा, कारण तुमचा सगळ्यात कठीण भाग हाच आहे.

बाईची जात जन्माने ठरते, लग्नाने नाही. म्हणजे सासरची वंशावळ, सासऱ्यांचा शाळेचा दाखला यांतलं काही चालणार नाही. सगळा पुरावा माहेरचा लागेल. दाखला धाराशिव जिल्ह्यातल्या उपविभागीय अधिकाऱ्याने दिला असेल, तर पडताळणीचा अर्जही धाराशिवच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करावा लागेल, सोलापूरच्या नाही. मी पाहिलंय, बायका सासरच्या जिल्ह्याच्या समितीत दोन-दोन फेऱ्या मारतात आणि मग त्यांना सांगितलं जातं की हे आमच्याकडे येत नाही. तेवढ्यात पंधरा दिवस जातात.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा महत्त्वाचा. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ ची आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० सालातली. जमातीचा दाखला असलेल्यांची समितीही वेगळी असते. तुमच्या बाबतीत वडील, आजोबा, चुलते, आत्या यांच्यापैकी कोणाचा तरी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा १९६७ पूर्वीचा मिळतो का ते शोधा. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला असला तरी शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, साक्षांकित उतारा मागा. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी कधी उर्दूत, कधी मोडीत निघतात. तशी नोंद हाती आली तर घाबरू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून सोबत जोडा. आणि सगळ्यात आधी हे विचारा: माहेरी वडील, भाऊ, सख्खा चुलता यांच्यापैकी कोणाची वैधता झालेली आहे का? धाकट्या भावाने इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी काढलेली असते आणि बहिणीला तिचा पत्ताही नसतो. रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं की समितीचं काम पुष्कळ सोपं होतं.

नाव बदलल्याचा पुरावाही लागेल. दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. या दोन नावांची बाई एकच आहे हे दाखवणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. लग्नाची नोंदणी केली नसेल तर ती आता करून घ्या. जात पडताळणीत, अर्जाच्या वेळी, पुढे हरकत आली तर तेव्हाही तो एक कागद तुम्हाला सोडवतो.

तुम्ही नॉन-क्रीमीलेअरबद्दलही विचारलंय. तो दाखला शिक्षण-नोकरीसाठी. निवडणुकीत जातीचा दाखला आणि वैधता बघतात, त्याच्यामागे धावू नका.

वैधता हातात नसताना उभं राहता येतं का? येतं, अटीवर. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १०-१अ प्रमाणे राखीव जागेवरच्या उमेदवाराने दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र द्यायचं असतं. ज्याने अर्ज भरण्यापूर्वी समितीकडे वैधतेचा प्रस्ताव दाखल केलाय, त्याला त्याची पोच आणि ‘निवडून आल्यावर मुदतीत वैधता सादर करीन’ असं हमीपत्र देऊन उभं राहू देतात. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे वाढवण्यात आली आणि मधे काही निवडणुकांसाठी सरकारने खास कायदे करून आणखी सवलत दिली. त्यामुळे तुमच्या निवडणुकीला नेमकी किती मुदत आहे हे त्या वेळच्या आयोगाच्या आदेशातच बघा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवड आपोआप रद्द होते. ही मुदत बंधनकारक आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्या निकालानंतर कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांची पदं कशी गेली हे तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं.

पोच कशी असते याबद्दल एक प्रसंग सांगतो, तो मला अजून बोचतो. छाननीच्या दिवशी एका बाईंच्या अर्जाला ऑनलाइन भरलेल्या प्रस्तावाची प्रिंट जोडलेली होती. वर अर्ज क्रमांक, खाली बारकोड. समितीच्या कार्यालयात मूळ प्रत जमा केल्याचा शिक्का मात्र कुठेच नव्हता. ज्याने त्यांचा अर्ज भरून दिला त्याने त्यांना सांगितलं होतं, ‘ऑनलाइन झालं म्हणजे झालं.’ समोरच्यांनी हरकत घेतली. बाईंनी पिशवीतून एकेक कागद काढून माझ्या टेबलावर मांडला, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, लग्नपत्रिकासुद्धा. तो एक शिक्का त्यात नव्हता. मी अर्ज नामंजूर केला. माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, पण त्या बाई उभ्या राहिल्या असत्या तर गावाला चांगली सदस्य मिळाली असती असं मला आजही वाटतं. म्हणून सांगतो, प्रस्ताव ऑनलाइन भरल्यावर प्रिंट आणि मूळ कागद घेऊन स्वतः समितीत जा, आणि तारखेसह शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे. तुमच्या प्रभागात ओबीसी महिलाच निघेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आरक्षणाची सोडत होईपर्यंत तो अंदाज आहे. ओबीसींच्या राजकीय आरक्षणाचं मार्च २०२१ पासून काय काय झालं हे तुम्ही वाचलंच असेल. आरक्षण थांबवणारा न्यायालयाचा निकाल, ओबीसींची माहिती गोळा करणारा बांठिया आयोग, मग जुलै २०२२ मध्ये पुन्हा मिळालेला मार्ग. मधल्या काळात काही ठिकाणी त्या जागा खुल्या धरून निवडणुका झाल्या. जागा सर्वसाधारण महिलेसाठी निघाली तर तुम्हाला जातीचा एकही कागद लागणार नाही. मग वैधतेचा खटाटोप वाया गेला का? माझं मत विचाराल तर नाही. वैधता एकदा झाली की ती जन्माची. पुढे तुमच्या मुलाबाळांना नाही, पण भावाच्या मुलांना ती उपयोगी पडते. आणि सरपंचपदाचं आरक्षण वेगळं निघतं, ते ओबीसी महिलेसाठी निघालं तर तुम्ही तयार असाल. सोडत झाल्यावर धावणाऱ्या दहाजणींत तुम्ही एकट्या तयार असाल.

तिसरी जागा म्हणजे गावचं ग्रामपंचायत कार्यालय. इथली कामं छोटी वाटतात, म्हणून माणसं शेवटच्या दिवशी करतात.

घर सासऱ्यांच्या नावाने आहे असं तुम्ही लिहिलंय. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला नमुना ८ चा उतारा काढा (मतदार यादीचा नमुना ८ वेगळा), म्हणजे घर कोणाच्या नावाने, किती क्षेत्राचं, हे कागदावर दिसेल. मग घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी विचारा. कलम १४ मध्ये अशी तरतूद आहे की कराचं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर माणूस अपात्र होतो. ‘घर माझ्या नावाने नाही, थकबाकी सासऱ्यांची’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्या कुटुंबाला लागू होते असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. दिलासा एवढाच की अर्ज भरण्यासाठी ठरवलेल्या दिवसापूर्वी भरणा केला तर ही अपात्रता लागत नाही. म्हणजे पूर्वी. त्याच दिवशी सकाळी नाही. कार्यक्रम यायच्या आधीच सगळं भरून टाका, नमुना १० ची पावती घ्या, पावतीवर तारीख आणि कोणत्या सालचा कर ते लिहिलंय का बघा. आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागून ठेवा.

शौचालय आहे आणि घरचे ते वापरतात, याचं प्रमाणपत्रही याच कार्यालयातून. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, तो मंगळवारी असतो की शुक्रवारी हे आधीच माहीत करून घ्या. कार्यक्रम लागला की त्याच्या टेबलाभोवती गर्दी होते.

अतिक्रमणाचा विषय मी मुद्दाम काढतोय. तुम्ही विचारलेला नाही, कारण गावात कोणी विचारतच नाही. घराचा ओटा, गोठा, पत्र्याचं शेड यांतलं काही गावठाणाच्या सरकारी जागेवर किंवा गायरानात आलंय का? अतिक्रमण सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी केलं आणि तुम्ही तिथे फक्त राहता, तरी ते तुम्हाला अडचणीत आणू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात सांगितलंय की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणाराही अपात्र ठरतो. निवडून आल्यावर विरोधक कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, मोजणी मागतात आणि मग सदस्यत्व जातं. छाननीत सुटलं म्हणून धोका टळला असं नसतं. घरातल्या मोठ्या माणसांशी याबद्दल मोकळेपणाने बोला. सुनेने असा विषय काढणं अवघड असतं हे मला कळतं. पण हा प्रश्न निवडणुकीआधी चार भिंतींत निघालेला बरा.

अपत्यांचंही तसंच. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे एकूण अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर उभं राहता येत नाही. तुम्हाला एक मुलगी आहे असं लिहिलंय, तेव्हा आज प्रश्न नाही. फक्त निवडून आल्यानंतरही हा नियम लागू राहतो, हे लक्षात असू द्या. तिसरं मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही, हेही ओडिशातल्या एका प्रकरणात २०१८ मध्येच स्पष्ट झालंय.

शिक्षणाची अट तुमच्या आड येत नाही. सरपंचपदासाठी १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्याला सातवी पास असावं लागतं. तुम्ही त्या सीमेच्या आसपासच्या आहात, म्हणून सातवीचं किंवा दहावीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा, बी.कॉम.ची पदवी आहे म्हणून ते विसरू नका.

हे सगळं झाल्यावर पोर्टल. कार्यक्रम लागल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी खातं उघडा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. हे इतकं साधं वाटतं की कोणी करत नाही. एका निवडणुकीत अर्जाच्या शेवटच्या दिवशी पावणेतीनला एक उमेदवार धापा टाकत आले. प्रिंटमध्ये प्रभाग क्रमांक चुकला होता, दुरुस्त करायला पोर्टलवर जावं लागणार होतं, पण नंबर सायबर कॅफेवाल्याचा दिलेला आणि तो जेवायला घरी गेलेला. ओटीपी त्याच्या फोनवर येत राहिला. तीन वाजले. शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर ताणही येतो. डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२२ मध्ये, जेव्हा ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक होती, आयोगाला अखेरीस हाताने भरलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली आणि वेळ साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. पण दर वेळी तशी सवलत मिळेल यावर आपली उमेदवारी टांगणीला लावू नये.

घोषणापत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण लिहायचं असतं. एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. नवऱ्याच्या नावाचं सोसायटीचं पीक कर्ज बायका हमखास विसरतात, कारण त्यांना ते कोणी सांगितलेलंच नसतं. आधी घरी विचारून घ्या. सूचक म्हणून त्याच प्रभागाच्या यादीतला मतदार घ्या आणि त्याचा यादीतला अनुक्रमांक स्वतः बघून लिहा. तुम्ही स्वतः मात्र गावच्या यादीत असलात की गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभ्या राहू शकता. अनामत मागासवर्गीय उमेदवाराला १०० रुपये, इतरांना ५००, तिची पावती सांभाळा. खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाआधीच उघडा. बँकेत ‘निवडणुकीसाठी’ म्हटलं की काही ठिकाणी टाळाटाळ होते, म्हणून आठवडाभर हाताशी ठेवा.

छाननीला स्वतः जा. यजमान किंवा दीर सोबत येऊ देत, पण टेबलासमोर तुम्ही उभ्या राहा. मी इतक्या वर्षांत पाहिलं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ‘उमेदवार कोण?’ असं विचारलं की बाई मागे सरकते आणि पुरुष पुढे येतो. हरकत आली तर उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे, कारण कागद तुमचे आहेत आणि ते कुठून कसे आले हे तुम्हालाच सगळ्यात जास्त माहीत आहे. अर्ज बाद झाला तर आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा.

माघारीच्या दिवशी दुपारी तीननंतर चिन्हवाटप होतं. तिथून पुढचं प्रचाराचं मी सांगायला नको, ते तुम्हाला गावच शिकवेल. फक्त खर्च रोजच्या रोज लिहा. आयोगाच्या ट्रू व्होटर अॅपवर तो भरता येतो. निकालापासून ३० दिवसांत हिशोब सादर करावा लागतो, जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनीही. हरलेल्या बायका तिथे नाराजीने जातच नाहीत, आणि मग कलम १४ब खाली पाच वर्षांसाठी अपात्र होतात. पुढच्या वेळी त्यांना उभं राहायचं असतं, तेव्हा हे कळतं.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. या आठवड्यात मतदार यादी आणि घराचा नमुना ८ चा उतारा. याच महिन्यात माहेरी जाऊन वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा उतारा शोधणं आणि विवाह नोंदणी. ते हातात आलं की धाराशिव समितीत प्रस्ताव. घरपट्टी केव्हाही, पण आधी.

जातीच्या दाखल्यावर कोणत्या उपविभागाचा शिक्का आहे आणि माहेरी कोणाची वैधता झालेली आहे का, एवढं मला कळवा. त्यावरून प्रस्तावाला नेमके कोणते कागद लावायचे ते पुढच्या उत्तरात लिहितो.